प-सा-प आणि खोकल्याची गोळी

गेल्या रविवारची गोष्ट आहे आणि माझा राग अजून उतरलेला नाही, हे आधीच सांगतो.

मी व्हिएन्नात आयटीत. चौतिसाव्या वर्षी फ्रेंच हॉर्न, म्हणजे गोल गुंडाळलेल्या पितळी नळीचं फुंकून वाजवायचं वाद्य, शिकायला घेतला. का, ते विचारू नका. आई फोनवर अजून विचारते. ("लग्नाच्या बँडात असतं ते का रे?" नाही गं. "मग कशात असतं?") आमच्या बाईंनी सहा आठवडे ब्रुकनर या ऑस्ट्रियन संगीतकाराच्या चौथ्या सिंफनीचे पहिले तीन सूर माझ्याकडून घोटून घेतले. खाली तंतुवाद्यांची बारीक थरथर आणि तिच्यावर एकटा हॉर्न म्हणतो: प... सा... प. संपलं. पेटीवर पहिलीतलं पोर वाजवील. माझ्या हॉर्नातून मात्र पहिल्या 'प'च्या आधी रेडकू ओरडतं. शेवटी बाई म्हणाल्या, "आता वाजवू नका. कसं वाजवतात ते ऐकून या."

म्हणून म्युझिकफेरायन या इथल्या मैफिलीच्या इमारतीतला सोनेरी हॉल, १८७० सालचा, आणि त्यात सगळ्यात मागे उभं राहायची जागा. इथे पहिल्या ओळीतला कठडा मिळाला तरच मंच दिसतो. मिळाला. जागा राखायला त्याला मफलर बांधला, पाणी पिऊन आलो. मफलर दोन हात डावीकडे सरकलेला आणि त्या जागी एक आजोबा. ऐंशीचे तरी. हिरवा लोकरी कोट, एक तळहाताएवढी वही आणि दोरीने वहीलाच बांधलेली पेन्सिल.

"तुमचा मफलर इथे जास्त सुखात राहील," ते म्हणाले.

मी काही बोललो नाही. परदेशात आपण उगाचच सभ्य होतो.

"वाजवता काही?"

"हॉर्न शिकतोय."

आजोबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तेराव्याला भेटायला आलेले लोक ठेवतात तसा. "कुठला?"

"डबल."

हात निघाला.

आता यातलं दुखणं सांगायला हवं. हॉर्नवर एकच चावी दाबून धरली तरी नुसत्या ओठांच्या ताणावर डझनभर सूर निघतात, आणि वरच्या पट्टीत ते इतके दाटीवाटीने बसलेले असतात की शेजाऱ्याच्या दारावर थाप पडलीच म्हणून समजा. डबल हॉर्नमध्ये एक आखूड नळी जास्तीची असते. तिच्यावर गेलं की हे सूर जरा सुटे होतात. जग बहुतेक डबलच वाजवतं. व्हिएन्नाचे वादक मात्र एकेरी, पावणेचार मीटर लांब नळीवर अडून बसलेत, वर १८३० साली उलमान नावाच्या इथल्याच कारागिराने पेटंट घेतलेल्या झडपांसकट. त्यांचा सूर मधासारखा असतो, हे मान्य. पण आजोबांच्या मते डबल म्हणजे लहान मुलांच्या सायकलीची बाजूची दोन चाकं, आणि हे ते मला सांगत नव्हते. माझ्यापलीकडच्या दोन बायकांना सांगत होते, माझ्याकडे बोट दाखवून.

मग वही उघडली. तिच्यात गिक्सर होते. हॉर्न मध्येच फाटतो, कोंबडा बसतो, त्याला इथे गिक्सर म्हणतात. तारीख, कृती, कितवा भाग, किती. पानंच्या पानं. "ही एकतिसावी वही," आजोबा म्हणाले. फाटलेल्या सुरांच्या एकतीस वह्या! न फाटलेल्यांचं काय, असं विचारणार होतो. म्हणजे एखादा माणूस आयुष्यभर जीव मुठीत धरून अचूक वाजवतो त्याची नोंद कोण ठेवणार? पण हॉर्नवाल्यांच्या नशिबी हे जुनंच आहे. १७८३ साली मोत्सार्टने आपला दोस्त लॉइटगेब या हॉर्नवाल्यासाठी कॉन्चेर्तो (एकल वाद्य आणि वाद्यवृंदाची रचना) लिहिला आणि वर चक्क लिहून ठेवलं की या गाढवाची, बैलाची, मूर्खाची दया आली म्हणून लिहितोय. लॉइटगेब उत्तम वाजवायचा. उत्तम वाजवणाऱ्याला बैल, तर मला काय?

दिवे मंदावले तरी आजोबांचं चालूच. १८८१ साली ही सिंफनी याच शहरात पहिल्यांदा झाली, वाद्यवृंदाचा संचालक हान्स रिश्टर, तो स्वतः एकेकाळचा हॉर्नवाला ("एकेरी!"). तालमीनंतर ब्रुकनर इतका गहिवरला की त्याने रिश्टरच्या हातात एक थालर, म्हणजे चांदीचं नाणं, कोंबला, जा, बिअर पी म्हणून. "असा!" म्हणत आजोबांनी माझ्या मुठीत काहीतरी कोंबलं. खोकल्याची गोळी. कडकडीत कागदातली.

संचालकाने हात उचलला. थरथर सुरू झाली; सुरू झाली की आधीपासूनच होती, कळू नये इतकी हळू. दूरवर पहिल्या हॉर्नवाल्याने वाद्य ओठांना लावलं. त्याचे खांदे मला दिसत होते आणि ते अगदी सैल होते. सहा आठवडे माझे कानापर्यंत चढलेले असतात. हेच तर बघायला आलो होतो. मी श्वास रोखला.

"आत्ता!" आजोबा फुसफुसले आणि त्यांनी माझी मूठ करकचून आवळली.

त्या हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू येते म्हणतात. टाचणीचं माहीत नाही. कागदाचं मात्र ऐकू येतं, छतावर रंगवलेल्या देव्यांपर्यंत येतं. पुढच्या रांगेतली सात डोकी वळली. माझ्याकडे. आजोबाही वळले, माझ्याकडेच, कपाळाला आठ्या घालून.

ते तीन सूर मी ऐकले नाहीत. पुढची हाक ऐकली, कोमल ध-सा-प, पण ती मला कुठे वाजवायची होती? नंतरचा तासभर ती गोळी मुठीत तशीच धरून उभा होतो. सोडली तर वाजेल, खिशात घातली तर वाजेल. हॉर्नवाले एका सुरालाही चुकले नाहीत. आजोबांची पेन्सिल अधांतरी.

टाळ्या सुरू झाल्यावर त्यांनी सुस्कारा टाकला आणि वहीत काहीतरी लिहिलं. मी वाकून पाहिलं. तारीख. ब्रुकनर, चौथी. पहिला भाग. एक, प्रेक्षकांतून. आणि कंसात: डबल.