कौन्सिलला त्रास न देता म्हातारपण कसं काढावं

इंग्लंडमधल्या समस्त मराठी मुलामुलींनो, बाबांना जिना चढवत नाही, आईच्या हातून पातेलं सुटतं, आणि कुणीतरी तुमच्या कानात सांगितलंय की कौन्सिल, म्हणजे आपली स्थानिक पालिका, घरी केअरर (आंघोळ, जेवण, कपडे यांत मदत करणारी बाई किंवा माणूस) पाठवतं. असल्यांचं ऐकू नका. कौन्सिलकडे आधीच पैसे नाहीत. आपण चांगल्या घरातली माणसं, त्यांच्यावर बोजा पडणार नाही असं कसं वागायचं, तेवढं सांगतो.

सुरुवात फोनपासून. पलीकडून गोड आवाजात विचारतील, "बचत किती?" २३,२५० पौंडांच्या वर म्हणालात की स्वखर्चाने केअरर मिळवायच्या खाजगी एजन्स्यांची यादी ईमेलवर येते आणि विषय मिटतो. (हा आकडा २०१० पासून जागचा हललेला नाही. दूध, वीज, भाडं सगळं वाढलं, हा एकटा व्रतस्थ.) २०१४ च्या केअर ॲक्टप्रमाणे पैसे कितीही असोत, आधी गरजांची पाहणी करावीच लागते, हे माहीत असलं तरी बोलू नका. फोनवरची मुलगी नवीन असते, घाबरते.

'कौन्सिल घर विकायला लावतं' असं शेजारच्या काकांनी सांगितलं असेल तर त्यावर पूर्ण श्रद्धा ठेवा. घरच्या घरी मदत घेताना राहत्या घराची किंमत धरतच नाहीत, पण खात्री करायला गेलात तर अर्ज करावासा वाटेल.

पाहणीचा दिवस सगळ्यात महत्त्वाचा. सोशल वर्कर यायच्या आत बाबांची दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून त्यांना खुर्चीत बसवा. पाहुण्यांसमोर मराठी वडिलांची तब्येत नेहमीच ठणठणीत असते. "आंघोळ जमते?" "हो हो, नो प्रॉब्लेम." ती आठवड्यातून एकदा होते आणि तुम्ही दाराबाहेर कान लावून उभे असता, हा तपशील कशाला? आईने चहा-चिवडा पुढे केला की 'स्वयंपाक करतात' असं लिहिता येतं. चिवडा दुकानातला आहे आणि चहा तुम्ही केलाय, हे सांगायचं काही कारण नाही.

कायद्याने दहा गोष्टी ठरवून दिल्यात: खाणंपिणं, स्वच्छता, संडास, कपडे, घरात न पडता वावरणं वगैरे. आजारपणामुळे वा अपंगत्वामुळे त्यातल्या दोन जमेनात आणि जगण्यावर मोठा परिणाम होत असेल, तर माणूस पात्र. त्यातही 'जमत नाही' याची व्याख्या भलतीच उदार. दुखत असेल, धोका असेल किंवा फार वेळ लागत असेल, तरी जमत नाही असंच धरायचं. तेव्हा बाबांना पँट चढवायला पाऊण तास लागतो, ही गोष्ट घरातच राहू द्या. बाबा कधी पडले, रात्री किती वेळा उठवावं लागलं, याची तारीखवार वही तर मुळीच ठेवू नका. ती पाहिली की फॉर्म भरणाऱ्याची लय बिघडते.

मग प्रश्न तुमच्याकडे वळेल. तेव्हा छाती पुढे काढून म्हणा, "आम्ही आहोत ना!" कौन्सिलचं बजेट या तीन शब्दांवर उभं आहे. खरं तर तुम्ही काही करतच नाही असं समजून गरजा मोजायच्या असतात, आणि घरच्यांची मदत धरायची ती त्यांची तयारी आणि ताकद असेल तरच. घरी काळजी घेणाऱ्याची स्वतंत्र पाहणीही मागता येते. पण सुनेला विचारायची पद्धत आपल्याकडे कुठे आहे? ती मोकळीच आहे असं आपण धरतो, कौन्सिलही धरतं. दोन संस्कृतींचं इतकं एकमत दुसऱ्या कशावर झालेलं माझ्या पाहण्यात नाही.

एवढं करूनही मदत मंजूर झालीच, तर कौन्सिल ती बहुतेक वेळा स्वतः देत नाही. तुमचे तास एजन्स्यांकडे पाठवतं, आणि ज्यांच्या फेरीत जागा असेल ते घेतात. म्हणून सकाळची आंघोळ साडेअकराला आणि रात्रीचं झोपवणं संध्याकाळी साडेसहाला. अर्ध्या तासापेक्षा छोटी भेट सहसा नसावी, असं आरोग्य आणि काळजीसाठी मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या नाइस या संस्थेने २०१५ साली सांगून ठेवलंय. तुम्ही पंधरा मिनिटांवर समाधान माना. केअरर मात्र बिचारी चांगली असते, कधी केरळची, कधी झिम्बाब्वेची. दोन घरांमधल्या धावपळीचे पैसेही तिला पुष्कळदा मिळत नाहीत. तशा आणखी येऊ नयेत म्हणून जुलै २०२५ पासून परदेशातून नवी भरतीही बंद झालीय. मंजूर रक्कम डायरेक्ट पेमेंट म्हणून, म्हणजे थेट आपल्या हातात, घेऊन वरणभात करता येणारी, मराठी बोलणारी मदतनीस स्वतः नेमता येते. पण मग बाबा पोटभर जेवतील, गप्पा मारतील, आणि पुढच्या पाहणीत फारच टवटवीत दिसतील.

बाबा हॉस्पिटलात असतील तर "घरी कधी नेता?" म्हटल्याबरोबर गाडी काढा. परत पायावर उभं करण्यासाठीचं रीएबलमेंट सहा आठवड्यांपर्यंत फुकट असतं, हे आठवायला वेळ मिळता कामा नये.

मदत नाकारली तर कारणं लेखी द्यावी लागतात, तो कागद मागू नका. म्हणजे तक्रार होत नाही आणि कौन्सिलविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या ओम्बड्समनलाही जरा उसंत मिळते. शिवाय सरकार काही झोपलेलं नाही. काळजीवर माणसाला आयुष्यभरात कराव्या लागणाऱ्या खर्चाला कमाल मर्यादा घाला, असं सरकारनेच नेमलेल्या डिल्नॉट आयोगाने २०११ मध्ये सांगितलं. ८६,००० पौंडांची मर्यादा २०२३ मध्ये येणार होती, मग २०२५ मध्ये येणार होती, आणि जुलै २०२४ मध्ये ती रद्दच झाली. आता याच प्रश्नावर केसी आयोग बसलाय, अंतिम अहवाल २०२८ पर्यंत येईल. मग त्यावर जनतेची मतं मागवतील. बाबांचं मत आत्ताच लिहून घ्या.