लेस्टरचं श्रेय नशिबाला देऊ नका

लेस्टर सिटी या इंग्लिश फुटबॉल क्लबवरचा तुमचा लेख चांगला आहे, पण त्यांचं २०१५-१६चं प्रीमियर लीगचं (इंग्लंडच्या अव्वल लीगचं) विजेतेपद म्हणजे मोठे क्लब ढेपाळले म्हणून लागलेली लॉटरी, हे त्यातलं म्हणणं अजिबात पटलं नाही. गतविजेती चेल्सी दहाव्या क्रमांकावर घसरली, मान्य. पण ३८ सामन्यांत फक्त ३ पराभव आणि दुसऱ्या आलेल्या आर्सेनलपेक्षा १० गुण जास्त, हे लॉटरीत मिळत नाही हो!

लेस्टरचा स्ट्रायकर वार्डीने सलग ११ सामन्यांत गोल केले, त्यावर सगळेच लिहितात. मला मात्र लेस्टरचा बचाव जास्त भावतो. पहिल्या १९ सामन्यांत २५ गोल खाल्ले होते, पुढच्या १९ मध्ये फक्त ११. मधले बचावपटू मॉर्गन आणि हुथ दोघेही पळायला मंद, म्हणून मागे मोकळी जागा न सोडता बचावफळी आपल्याच पेनल्टी बॉक्सजवळ (गोलसमोरच्या चौकटीजवळ) दाटीने उभी राहायची. त्यांच्या पुढे चेंडू हिसकावायला मिडफिल्डर कांते. चेंडू मिळाला की थेट वार्डीसाठी मोकळ्या जागेत. मार्च ते एप्रिलच्या सुरुवातीला ओळीने चार सामने १-० ने जिंकले, त्यातल्या साउदम्पटनविरुद्धचा गोल तर खुद्द कर्णधार मॉर्गनचा, हेडरने.

आणि १४ फेब्रुवारीचा आर्सेनलविरुद्धचा सामना? लेस्टरच्या सिम्पसनला लाल कार्ड, दहा जणांनी जीव तोडून झुंज दिली, आणि अगदी शेवटच्या क्षणी आर्सेनलच्या वेलबेकचा विजयी गोल. अशा पराभवानंतर भलेभले खचतात. लेस्टर त्यानंतर लीगमध्ये हंगाम संपेपर्यंत एकदाही हरली नाही. तो सामना लेखात यायलाच हवा होता.