इंजिन वर ठेवल्याने रॉकेट सरळ जात नाही

द्रव इंधनावरच्या पहिल्या रॉकेटबद्दलच्या एका लेखात म्हटलंय की अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट गॉडर्डने १६ मार्च १९२६ च्या या रॉकेटचं इंजिन वरच्या टोकाला आणि टाक्या खाली ठेवल्यामुळे ते स्थिर उडालं. त्याची अपेक्षा तशीच होती, पण हे बरोबर नाही. इंजिन सांगाड्याला पक्कं जोडलेलं असतं. रॉकेट कललं की इंजिनाचा जोरही त्याच दिशेने कलतो. गुरुत्वाकर्षण वस्तुमानकेंद्रातून ओढतं, त्यामुळे सरळ करणारं बल मिळतच नाही. खाली वजन असलं की रॉकेट लोलकासारखं सरळ राहील, हे उदाहरण इथे फसवं आहे, कारण लोलकाला टांगायला स्थिर खुंटी असते. त्याच वर्षी मे महिन्यातल्या रॉकेटमध्ये गॉडर्डने इंजिन खाली आणलं. पुढे १९३० च्या दशकात न्यू मेक्सिकोतल्या रॉसवेलला जायरोस्कोपने (वेगाने फिरून दिशा टिकवणाऱ्या चक्राने) वळणारी पाती इंजिनाच्या झोतात बसवली. खरा उपाय तो (किंवा शेपटीचे पंख).

दुसरं, पेटवल्याबरोबर ते उडालं नाही. सुरुवातीला जोर वजनापेक्षा कमी होता. पेट्रोल आणि द्रव ऑक्सिजन जळून वजन उतरल्यावरच ते उड्डाणाच्या चौकटीतून सुटलं. तोवर नॉझलचा (झोत बाहेर पडतो त्या तोंडाचा) खालचा भाग उष्णतेने जळून गेला होता. उड्डाण अडीच सेकंदांचं, उंची ४१ फूट, पडलं १८४ फुटांवर. लेखातला '१८४ फूट उंच' हा उल्लेख तेवढा दुरुस्त करा. ते आडवं अंतर आहे.