प्रशिक्षणानंतरचे एक वर्ष कोण मोजणार?

सरकारी पैशातून चालणाऱ्या दोन-तीन महिन्यांच्या रोजगार प्रशिक्षणांबद्दल माझे ठाम मत असे आहे की, प्रमाणपत्र हाती पडल्यानंतरचे पहिले वर्ष हा त्या प्रशिक्षणाचाच भाग मानला पाहिजे, त्या वर्षाची नोंद ठेवण्यासाठी योजनेच्याच खर्चात तरतूद असली पाहिजे, आणि ती नोंद प्रशिक्षण देणाऱ्या केंद्राच्या हाती असता कामा नये. मी सांगलीत संख्याशास्त्र शिकवते. माझे विद्यार्थी अभ्यासप्रकल्पासाठी जिल्ह्यातील अशा प्रशिक्षणार्थ्यांना फोन करतात, शक्य तिथे घरी जाऊन भेटतात, आणि परत येऊन जे सांगतात ते ऐकल्यावर हा विषय माझ्यासाठी केवळ आकड्यांचा राहिलेला नाही.

प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना १५ जुलै २०१५ रोजी सुरू झाली आणि पुढे तिचा चौथा टप्पाही आला. तिच्या आधी, सप्टेंबर २०१४ मध्ये, ग्रामीण तरुणांसाठी दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना आली. बँकांनी चालवलेल्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. राज्याची प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रे ऑक्टोबर २०२३ मध्ये एकाच दिवशी ५११ ठिकाणी उघडली. म्हणजे जत किंवा आटपाडीतल्या एखाद्या बारावी झालेल्या मुलीसमोर आज शिवणकाम, रुग्णसेवा सहायक, संगणक, सोलर पॅनेलची जोडणी असे पर्याय खरोखरच आहेत, आणि तेही विनामूल्य. ही मोठी गोष्ट आहे आणि मी तिचे मनापासून स्वागत करते. म्हणूनच त्या मुलीचे पुढे काय झाले, हे आपल्याला माहीत असले पाहिजे असे मला वाटते.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेत मांडला गेलेला नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा, म्हणजे कॅगचा, प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेवरील अहवाल या दृष्टीने प्रत्येकाने वाचावा असा आहे. योजनेच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यातील सुमारे ९५.९ लाख उमेदवारांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्यांपैकी ९४.५३ टक्के नोंदींमध्ये बँक खात्याचा रकाना रिकामा होता किंवा त्यात शून्ये वा तत्सम निरर्थक मजकूर भरलेला होता. लेखापरीक्षकांनी लाभार्थ्यांना ईमेलने प्रश्नावली पाठवली, तेव्हा एक तृतीयांशाहून अधिक ईमेल पोचलेच नाहीत. जी १७१ उत्तरे आली, त्यांपैकी १३१ उत्तरे एकाच ईमेल पत्त्यावरून किंवा प्रशिक्षण संस्था व केंद्रांच्याच पत्त्यांवरून आलेली होती. अल्पमुदतीचे आणि विशेष प्रकल्पांतले प्रशिक्षण घेऊन प्रमाणित झालेल्या ५६.१४ लाख उमेदवारांपैकी २३.१८ लाखांना, म्हणजे ४१ टक्क्यांना, नोकरी मिळाल्याची नोंद त्याच अहवालात आहे. वर्तमानपत्रांतून चर्चा झाली ती प्रामुख्याने या ४१ टक्क्यांची. मला मात्र रिकामे रकाने अधिक चिंताजनक वाटतात, कारण ज्या यादीतील माणसापर्यंत पोचताच येत नाही, त्या यादीवरून काढलेली कोणतीही टक्केवारी, मग ती चांगली असो वा वाईट, विश्वासाने वापरता येत नाही.

हे असे का होते, याचे कारण पैशाच्या वाटपात दडलेले आहे. दुसऱ्या टप्प्यात प्रशिक्षण केंद्राला मिळणाऱ्या रकमेपैकी ३० टक्के बॅच सुरू झाल्यावर, ५० टक्के उमेदवार प्रमाणित झाल्यावर आणि उरलेले २० टक्के नोकरी लागल्याचे दाखवल्यावर मिळत. हेतू चांगला होता. पण नोकरी लागली की नाही हे सांगणारा आणि त्या सांगण्यावर पैसे घेणारा एकच असेल, तर प्रामाणिक केंद्रचालकावरही चुकीचा भार पडतो, आणि अप्रामाणिकाला तर मोकळे रान मिळते. चौथ्या टप्प्यात निधी आणि नोकरी यांची ही गाठ सोडवण्यात आली. उमेदवाराने आपली वाट स्वतः निवडावी यावर आता भर आहे, असे सरकारने संसदेत सांगितले आहे. गाठ सोडवणे मला मान्य आहे. मात्र पैशाचा संबंध तुटला म्हणून माग ठेवण्याची जबाबदारी सैल होणार असेल, तर ते अत्यंत चुकीचे ठरेल, कारण पैशाचा दबाव नसतानाच खरी नोंद मिळण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

आता नोकरी लागली म्हणजे नेमके काय, याकडे वळते. मिरजेतल्या रुग्णालयांत, कुपवाडच्या फाउंड्रीत किंवा पुण्याजवळच्या चाकणमध्ये नेमणूकपत्र मिळणे ही एक गोष्ट, तिथे रुजू होणे ही दुसरी, तीन महिने टिकणे ही तिसरी, आणि वर्षभरानंतर शिकलेल्याच कामात, आधीपेक्षा बऱ्या पगारावर असणे ही चौथी. योजनेच्या अहवालात या चारही गोष्टी एकाच रकान्यात बसवल्या जातात. विद्यार्थ्यांच्या फोनवर वारंवार ऐकू येणारी हकिगत साधारण अशी असते: मुलीला पुण्यात काम मिळाले, पगार ठरल्याप्रमाणे होता, पण खोलीचे भाडे, अनामत रक्कम, डबा आणि गावी येण्या-जाण्याचा खर्च वजा जाता घरी पाठवायला काही उरेना, म्हणून ती परत आली आणि आता तासगावकडे बेदाण्याच्या शेडवर हंगामी कामाला जाते. कागदावर ती नोकरी लागलेली आहे. एका केंद्राच्या यादीत तर अनेक उमेदवारांसमोर एकच मोबाईल क्रमांक होता आणि तो केंद्रातल्याच कर्मचाऱ्याचा निघाला. उलट, ज्याची नोंद नोकरी न लागलेला अशी आहे, असा एखादा मुलगा गावातच वायरिंगची कामे घेऊन चार पैसे नीट कमावतो आहे, हेही आम्हाला आढळले. यश आणि अपयश दोन्ही चुकीच्या खान्यात पडले की त्यातून शिकण्यासारखे काहीच उरत नाही.

यावरचा उपाय आपल्या भागातल्या माणसाला परका नाही. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ साली शेजारच्या सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. पुढे जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागाची धुरा वाहणाऱ्या या संख्याशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात पिकांच्या उत्पादनाचे अंदाज नजरेने न बांधता नमुन्याने कसे काढावेत, याची पद्धत भारतात रुजवण्यात मोठा वाटा उचलला. आजही पीक कापणी प्रयोग होतो तेव्हा गाव आणि गट क्रमांक यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारख्या, पद्धतीने निवडला जातो, शेतात ठराविक मापाचा चौकोन आखला जातो, तेवढेच पीक कापून, मळून, वजन करून नोंदवले जाते. कोणते शेत निवडायचे हे शेतकरी ठरवत नाही आणि तलाठीही ठरवत नाही. सगळ्या शेतांची कापणी कोणी मोजत बसत नाही, तरीही महसूल मंडळाच्या उत्पादनाचा भरवशाचा अंदाज मिळतो. प्रशिक्षणाच्या फलिताची नोंदही अशीच घेतली पाहिजे.

लाखो नावांच्या पोर्टलवर प्रत्येकाचा प्रत्येक रकाना भरण्याचा आग्रह धरण्यापेक्षा थोडी माणसे नीट निवडून त्यांचा कसोशीने माग काढणे अधिक उपयोगाचे असते. जिल्ह्यातील एका वर्षाच्या सर्व प्रशिक्षणार्थ्यांमधून चिठ्ठ्या टाकून ४०० जण निवडले आणि ते सर्व खरोखर सापडले, तर नोकरीत असलेल्यांचे प्रमाण साधारण पाच टक्के अधिक-उणे इतक्या अचूकतेने सांगता येते. एकेक माणूस न निवडता पूर्ण बॅच निवडल्या तर ही संख्या वाढवावी लागते, पण ती हजारांत जात नाही. "खरोखर सापडले" हे शब्द इथे फार महत्त्वाचे आहेत. ज्यांचा फोन लागत नाही ते बहुधा स्थलांतरित झालेले, लग्न होऊन गेलेले किंवा काम सुटलेले असतात, आणि त्यांना वगळले की उरलेल्यांचे चित्र आपोआप गोड दिसू लागते. म्हणून प्रवेशाच्या दिवशीच स्वतःच्या क्रमांकाबरोबर आईचा किंवा घरातल्या दुसऱ्या कोणाचा क्रमांक घ्यावा, आणि फोन लागला नाही तर कोणीतरी घरी जावे. त्याच दिवशी आणखी एक गोष्ट विचारून ठेवावी, जी आज बहुतेक वेळा नीट विचारली जात नाही: प्रशिक्षणाला येण्यापूर्वी तुम्ही काय करत होता आणि त्यातून महिन्याला किती मिळत होते? ही आधीची नोंद नसेल, तर नंतरचा पगार कितीही बारकाईने लिहिला तरी फरक किती पडला हे कळत नाही.

त्यापुढचा प्रश्न अधिक अवघड आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे. प्रशिक्षण घेतले नसते, तर या मुलांना काम मिळाले असते का? जो मुलगा चौकशी करत मिरजेच्या केंद्रापर्यंत पोचतो, अर्ज भरतो, रोज हजेरी लावतो, तो कदाचित प्रशिक्षणाशिवायही काहीतरी मिळवणाराच असतो. त्याचे श्रेय अभ्यासक्रमाला द्यायचे की त्याच्या धडपडीला, हे नुसत्या टक्केवारीतून कळत नाही. जिथे जागांपेक्षा अर्ज जास्त येतात, तिथे चिठ्ठ्या टाकून प्रवेश द्यावा आणि प्रवेश न मिळालेल्यांनाही वर्षभराने तेच प्रश्न विचारावेत. यात कोणावर अन्याय होत नाही, कारण जागा तर तेवढ्याच असतात. दिल्लीच्या वस्त्यांमध्ये महिलांच्या सहा महिन्यांच्या शिवणकाम प्रशिक्षणाचा याच पद्धतीने अभ्यास झाला, आणि प्रशिक्षणाची संधी मिळालेल्या महिलांची रोजगाराची शक्यता व कमाई दोन्ही वाढल्याचे त्यात दिसले. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या अशाच मोठ्या अभ्यासात प्रौढांना थोडाफार लाभ झाल्याचे आढळले, पण शाळा सोडलेल्या तरुणांच्या कमाईत अपेक्षित वाढ दिसली नाही. बिहार आणि झारखंडमध्ये दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेच्या प्रशिक्षणार्थ्यांना मिळणाऱ्या नोकरीची, तिथल्या पगाराची आणि राहण्याच्या सोयीची खरी माहिती आधीच दिली, तेव्हा ती मुले नोकरीत अधिक टिकली. पुण्याहून परतणाऱ्या आपल्या मुलींसाठी हा शेवटचा निष्कर्ष किती मोलाचा आहे! तो हाती आला, कारण कोणीतरी नोकरी लागल्यानंतरही त्या मुलांना विचारत राहिले.

अमेरिकेत २०१४ च्या कायद्याने एक सोय अशी केली आहे की कार्यक्रमातून बाहेर पडल्यानंतरच्या दुसऱ्या आणि चौथ्या तिमाहीत माणूस कामावर आहे का, हे मालकांनी सरकारकडे भरलेल्या वेतनाच्या नोंदींवरून तपासले जाते. आपल्याकडे भविष्य निर्वाह निधीचा, म्हणजे पीएफचा, यूएएन हा प्रत्येक कर्मचाऱ्याचा कायमचा क्रमांक असाच वापरता येईल, असे अनेक जण सुचवतात, आणि मोठ्या कारखान्यांपुरते ते योग्यच आहे. परंतु पीएफचा कायदा सर्वसाधारणपणे २० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होतो. विट्याचे छोटे यंत्रमाग, गॅरेज, ब्युटी पार्लर, घरी बसून शिवणकाम करणारी बाई यांपैकी कोणीही त्यात दिसणार नाही. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांनी प्रशिक्षणानंतर दोन वर्षे पाठपुरावा करण्याची रीत स्वीकारली आहे. स्वतःचा व्यवसाय करणाऱ्यांसाठी ती वाट अधिक जवळची आहे, आणि नोकरीसाठीच्या अभ्यासक्रमांनीही ती घ्यावी.

केंद्रचालकांची एक तक्रार मी नेहमी ऐकते आणि ती रास्त आहे. मिरजेतले केंद्र आणि जतमधले केंद्र एकाच तक्त्यात शेजारी ठेवले, तर जतचे केंद्र विनाकारण नापास ठरेल, कारण तिथे आसपास कारखाने नाहीत, वाहतूक अवघड आहे आणि येणारी मुले अधिक गरीब घरांतली आहेत. नुसत्या टक्केवारीवर केंद्रांची क्रमवारी लावली, तर केंद्रे सोप्या मुलांनाच प्रवेश देऊ लागतील आणि ज्यांना प्रशिक्षणाची खरी गरज आहे ते दाराबाहेर राहतील. यासाठीच आधीची नोंद हवी: माणूस कुठून निघाला हे माहीत असेल, तरच तो किती पुढे आला हे न्यायाने सांगता येते. माहितीच्या गोपनीयतेचा आक्षेपही घेतला जातो. नावे आणि क्रमांक नोंद घेणाऱ्या कार्यालयातच राहावेत आणि प्रसिद्ध व्हावेत ते फक्त एकत्रित आकडे, इतकी काळजी घेतली तर तो आक्षेप उरत नाही.

राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत २०२४ पासून बारावी उत्तीर्णांना ६,०००, आयटीआय व पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये दरमहा विद्यावेतन दिले जाते. सहा महिन्यांची मुदत पुढे अकरा महिन्यांवर नेण्यात आली. ग्रामपंचायतीत, शाळेत, सरकारी कार्यालयात काम केलेल्या या तरुणांनी नंतर कायम करण्याच्या मागणीसाठी आंदोलने केली, तेव्हा दोन्ही बाजू आपापल्या अंदाजावर बोलत होत्या. मुदत संपलेल्यांपैकी किती जणांना कुठे काम मिळाले, खासगी आस्थापनेत शिकलेल्यांचे आणि सरकारी कार्यालयात बसलेल्यांचे भवितव्य वेगळे ठरले का, याची तालुकावार नोंद समोर असती, तर त्या मुलांशी अधिक सन्मानाने बोलता आले असते.

आपल्या जिल्ह्यात हे काम सुरू करायला दिल्लीच्या आदेशाची वाट पाहण्याची गरज नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा कौशल्य विकास कार्यकारी समिती आहे. जिल्हा सांख्यिकी कार्यालय दरवर्षी जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन प्रसिद्ध करते. नमुना निवडण्याचे काम या कार्यालयाने करावे, फोन आणि गृहभेटींसाठी महाविद्यालयांतील संख्याशास्त्र व अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना रीतसर मानधन द्यावे, आणि समालोचनात एक नवा तक्ता यावा. त्यात दहाही तालुक्यांसाठी, अभ्यासक्रमानुसार आणि स्त्री-पुरुष वेगळे दाखवून, प्रवेश घेतलेले, मधेच सोडून गेलेले, प्रमाणित झालेले, तीन महिन्यांनी कामावर असलेले, बारा महिन्यांनी कामावर असलेले, आधीची व नंतरची मासिक कमाई, आणि शोधूनही न सापडलेले, असे रकाने असावेत. शेवटचा रकाना कोणत्याही कारणाने गाळू नये. येत्या बॅचच्या प्रवेश अर्जात दुसरा फोन क्रमांक आणि आधीची कमाई हे दोन प्रश्न घालण्यापासून सुरुवात करता येईल. माझे विद्यार्थी आणि मी या कामासाठी तयार आहोत, आणि हे निवेदन मी समितीकडे लेखी स्वरूपातही देणार आहे.