पोळा फुटायच्या आधी

पोळा फुटायला तासभर होता, तेवढ्यात माझा ॲक्सल फुटला.

आवाज आधी सांगतो, कारण तो अजून कानातून गेलेला नाही. धडाम वगैरे काही नाही. लोहारानं ऐरणीवर एकच घण घालावा आणि जेवायला निघून जावं, तसा ‘टण्ण’. मग इंजिन जोरात, गियर टाकलेला, क्लच सोडलेला, आणि गाडी जागच्या जागी. बाजूच्या सीटवरून बायकोनं विचारलं, "आता काय पडलं?" ह्या ‘आता’वर मी कधीतरी वेगळं लिहीन.

झालं होतं एवढंच की मेव्हण्याच्या शेतावर पोळ्याचं आवतन होतं. काटोल रोडनं गोरेवाडा मागं टाकायचा, पुढं एका ठिकाणी डांबर सोडायचं आणि मग दीड किलोमीटर पांदण. बायको म्हणाली होती, स्कूटीनं जाऊ. "पांदणीत? स्कूटीनं?" असं मी ज्या सुरात विचारलं, त्या सुराची किंमत मी अजून फेडतो आहे. मेव्हणा सकाळी स्कूटीनंच गेला होता. मागं सासूबाई, आणि सासूबाईंच्या मांडीवर पुरणाचा डबा.

माझी गाडी म्हणजे 2003 ची जिप्सी किंग. जिप्सी आपल्याकडे 1985 साली आली, 1996 ला तिला 1300 सीसीचं इंजिन मिळून ती किंग झाली, आणि 2019 ला सामान्य गिऱ्हाइकासाठी ती बंद झाली. तेव्हापासून आमच्याकडे जिप्सी तीनच ठिकाणी दिसते. फौजेत, पेंच-ताडोब्याच्या गेटवर, आणि ज्यांच्या बायका ‘आता काय पडलं’ विचारतात अशांच्या अंगणात.

घेतल्यापासून मी तिला नटवतो आहे. दोन इंच उचलून घेतली. मूळचे 205/70 चे टायर काढून 235/75 चे घातले, म्हणजे चाक साडेसहा सेंटिमीटरनं मोठं झालं. तेव्हापासून काटा साठवर असतो तेव्हा गाडी सहासष्टनं धावत असते. बॉनेटच्या बाजूनं स्नॉर्केल लावला. नदी ओलांडताना इंजिनात पाणी जाऊ नये म्हणून हवेची नळी टपापर्यंत वर नेतात, तो. माझ्या स्नॉर्केलनं आजवर पाहिलेलं सगळ्यात खोल पाणी म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी साचतं ते. हे सगळं कायद्यात बसतं का, ते विचारू नका. गाडीतल्या फेरफारांबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मी वाचलं आहे, टायर घातल्यानंतर.

थोडक्यात, दिसण्यासारखं सगळं केलं. डिफरेन्शियलपासून, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना फिरणं वाटणाऱ्या पेटीपासून, चाकापर्यंत जो लोखंडी दांडा आत लपून फिरत असतो, तो ॲक्सल 2003 चाच राहिला. टायर आणि लिफ्ट विकणाऱ्या दुकानदारानं त्याचा शब्दही काढला नाही. स्टिकर मात्र फुकट दिलं. डोंगर आणि होकायंत्राचं. स्टेपनीच्या कव्हरवर लावलेलं आहे.

तर ‘टण्ण’ झालं आणि मी खाली उतरलो. काळी माती. ज्यांनी पावसाळ्यात आमच्याकडची काळी माती पायाखाली घेतलेली नाही त्यांना सांगतो, ती चिकटत नाही, ती नातं जोडते. तीन पावलांत माझी उंची दोन इंचांनी वाढली. गाडीची वाढवायला मी पैसे मोजले होते.

आणि समोर बैलजोडी उभी! शिंगांना हिंगूळ, त्यावर बेगड, कपाळाला मठाठ्या, पाठीवर आरशांची झूल, अंगभर गेरूचे ठिपके. सोबत एक काकाजी. घडीसुद्धा न मोडलेलं नवं धोतर, खांद्यावर दुपट्टा. मला वाटलं, सुटलो.

"काकाजी, जरा दोर लावता का? दहा मिनिटांचं काम आहे."

काकाजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी नवरदेवाला घोड्यावरून उतरवून भांडी घासायला सांगत होतो.

"आज पोळा हाय, साहेब."

"हो, आम्ही पोळ्यालाच चाललो होतो."

"आज बैलाच्या खांद्यावर जू नाही ठेवत. काल खांद शेकले, लोणी-हळद लावली. आवतन देल्लं, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या’. आन जेवाले बोलावून तुमची गाडी ओढाले लावू?"

"जू नका ठेवू. नुसता दोर."

"नुसता दोर बांधता कायले? शेपटीले?"

ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

"कोणाचा ट्रॅक्टर आहे का?"

"हाय ना. तीन हाय."

"मग बोलवा की!"

"डायव्हर पोळ्यात हाय."

एवढं सांगून काकाजींनी जायला हवं होतं. ते बसले. धोतर सावरून, बांधावर, ऐसपैस, माझ्या मागच्या चाकासमोर. दोन्ही बैलही त्यांच्या मागं उभे राहून चाकाकडे बघू लागले.

"काय तुटलं?"

"ॲक्सल."

"म्हंजे आख." मान हलली. "आमच्या बाबाच्या बंडीले बाभळीचा आख होता. लाकूड कसं, तुटाच्या आधी करकर करते. सांगते, बाबा, मी चाललो. लोखंड काही सांगत नाही. वंगण केव्हा घातलं होतं?"

"हा वंगणाचा प्रश्न नाही काकाजी."

"आख केवढाक जाड हाय?"

मी अंगठा आणि तर्जनी जुळवून दाखवलं. ते माझ्या बोटांकडे पाहत राहिले, मग टायरकडे, मग परत बोटांकडे. बैलांनीही तसंच केलं, असा मला भास झाला.

"येवढ्या चाकाले येवढासा आख? बंडीचं चाक मोठं कराचं असलं त पह्यले आख बदलवा लागते. हे त पोट्ट्याले बी समजते. दुकानदारानं सांगतलं नाही?"

"नाही."

"मंग त्यानं देल्लं काय?"

"हे," गाडीतून बायको म्हणाली, आणि तिनं मागं हात करून स्टेपनीवरचं स्टिकर दाखवलं.

काकाजींनी डोंगर पाहिला, होकायंत्र पाहिलं. "वंगण केव्हा घातलं होतं?" त्यांनी पुन्हा विचारलं.

तोवर दहा-बारा माणसं जमली होती. त्यातला एक पोट्टा, असेल सातवीतला, माझ्या पुढच्या चाकापाशी उकिडवा बसला होता. तो एकदम म्हणाला, "काका, तुमचे पुढचे चाकं फिरतच नव्हते ना."

"फिरत होते. मी फोर व्हील ड्राइव्ह टाकला होता."

"माहा मामा सफारीच्या गेटवर जिप्सी चालवते. तो पह्यले खाली उतरून हे फिरवते." त्यानं काडीनं हबवरचा, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावरचा, चिखल खरवडला. आतली खूण ‘फ्री’वर होती.

हे मला माहीत होतं. खरंच माहीत होतं. गेल्या वर्षी एका पाहुण्याला मी ह्यावर अर्धा तास बोललो होतो. जुन्या जिप्सीत आतला दांडका ओढून भागत नाही. खाली उतरून पुढच्या दोन्ही हबवरच्या चकत्या हातानं ‘लॉक’वर न्याव्या लागतात, तेव्हा पुढची चाकं जोडली जातात. मी ‘लो’, म्हणजे चिखलासाठीचा जादा जोराचा टप्पा, टाकला, पहिला गियर टाकला, म्हणजे इंजिनाचा जोर जवळपास तीस पट करून मागं पाठवला, आणि पुढची चाकं मजेत मोकळी सोडली. सगळा भार मागच्या धुरीवर. त्यात उजवं चाक चिखलात भिरभिर फिरत असताना खालच्या दगडाला लागून एकदम अडलं. फिरतं चाक असं झटक्यात धरलं गेलं की तो झटका दांड्याला बसतो, आणि चाक जेवढं मोठं तेवढा दांड्याला जास्त पीळ. वर डिफरेन्शियलचा स्वभाव असा की जिकडं अडवणारं कोणी नाही तिकडं सगळं फिरणं ओतायचं. उजवीकडं तुटलेला तुकडा गरगरा फिरतोय, डावीकडचं धडधाकट चाक ढिम्म. प्रत्येक घरात एक भाऊ असतो, त्यातली गत.

मी लोकांना हे समजावून सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात कोणीतरी झडती म्हटली. पोळ्यात तोरणाखाली बैल उभे राहिले की झडत्या म्हणतात हे मला ठाऊक होतं. त्या चालू घडामोडींवर असतात हेही ठाऊक होतं. चालू घडामोड मी असेन, हे नव्हतं ठाऊक.

"नागपूरहून गाडी आली, नाकात तिच्या नळी,
पांदणीत येऊन बसली जशी रुसलेली साळी.
चाकं तिचे हत्तीवानी, आख तिचा काडी,
बैल म्हणते बैलाले, पाह्य शहराची गाडी!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!"

‘हर हर महादेव’ला माझी बायकोही सामील झाली. माझा आक्षेप कवितेला नाही. ‘साळी’ तर मलाही आवडली. पण बारा माणसांतल्या चौघांनी व्हिडिओ काढला, आणि तो माझ्या आधी नागपुरात पोचला. रात्रीपर्यंत घरच्या ग्रुपवर एकोणीस हसरे चेहरे. लागलं का, असं एकानंही विचारलं नाही. माझ्या सख्ख्या मामानं विचारलं ते हे, की स्नॉर्केल केवढ्याला पडला.

असो. हब लॉक केले. दोन्ही, पोट्ट्याच्या देखरेखीखाली. सहा जणांनी मागून रेटा दिला, पुढच्या चाकांनी माती धरली, आणि मागचा ॲक्सल तुटलेली जिप्सी स्वतःच्या पायांनी बाहेर आली. बैलांची गरज नव्हती. ट्रॅक्टरची नव्हती. खरं तर पहिल्यांदाच खाली उतरलो असतो तर ह्या लेखाचीही नव्हती.

मी स्टिअरिंगवर बसलो तर काकाजी खिडकीशी. हात पुढं.

"बोजारा."

"काकाजी, बैलांनी गाडी ओढली कुठं?"

"बोजारा ओढल्याचा नाही रायत, साहेब. बैल दारात आल्याचा रायते."

"इथं दार कुठं आहे?"

काकाजींनी माझ्या जिप्सीचं दार बोटांनी टकटक वाजवून दाखवलं. मी दोनशे रुपये दिले. आम्ही पोचलो तेव्हा तोरण तुटून पोळा फुटला होता, आणि पुरणपोळ्या मोजून उरल्या होत्या. बायको परत मेव्हण्याच्या स्कूटीनं आली. मी हळूहळू, फोर व्हीलमध्येच, पुढच्या चाकांच्या जिवावर घरी.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला फोन केला तर तो काळी-पिवळी मारबत, म्हणजे इडा पीडा नेणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक, पाहायला गेलेला. मागं ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’चा गजर चालू. मीही घरातून माझी भर घातली: मागचा उजवा ॲक्सल घेऊन जा गे मारबत. नेला नाही.

वाडीला ट्रकच्या गॅरेजांच्या रांगेत माझा मिस्त्री बसतो. त्यानं दांडा बाहेर काढला आणि उन्हात धरला. टोकाचे खाचे सरळ असायला हवेत, ते दोरीच्या पिळासारखे वळले होते. तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग काळपट, गंजका. उरलेला अर्धा ताज्या फोडलेल्या खडीसाखरेसारखा चमकत होता.

"हे काळं पाह्यलं?" तो म्हणाला. "इथून चीर कधीची होती. हा पोळ्याले नाही तुटला भाऊ. पोळ्याले फक्त पडला."

म्हणजे कित्येक महिने मी अर्ध्या दांड्यावर, होकायंत्राचं स्टिकर लावून, लोकांना ऑफरोडिंगच्या गोष्टी सांगत फिरत होतो.

मग मजबूत ॲक्सलचा विषय निघाला. आमच्या जिप्सीवाल्यांत ‘क्रोमोली’ हा शब्द काही जण देवाचं नाव घ्यावं तसा घेतात. परदेशी 4340 पोलाद, निकेल-क्रोमियम-मॉलिब्डेनमचं. लेथवाला तिथंच उभा होता. तो म्हणाला, आपल्याकडचा इएन 24 त्याच जातीचा, दांडे मागं पडले आहेत, करून देतो. मिस्त्रीनं त्याला थांबवलं. "दांडा कोणीबी कापते. त्याले पाणी कोण देते ते विचारा." बरोबर होतं. पोलाद कितीही चांगलं असलं तरी नीट तापवून पाणी चढवलेलं नसलं तर एक तर ते पिळतं, नाही तर काचेसारखं तडकतं.

"समजा चांगलं पाणी दिलं, तर?"

"तर ॲक्सल टिकन. मंग डिफचे दात उडन."

"डिफ मजबूत केला तर?"

"मंग ट्रान्सफर केसवर येते." म्हणजे पुढच्या-मागच्या धुरीला जोर वाटणाऱ्या पेटीवर.

"आणि तेही केलं तर?"

त्यानं हातातल्या फडक्यानं रस्त्यापलीकडच्या ट्रकच्या रांगेकडे दाखवलं. "मंग ते घ्या ना. ते तयारच उभे हाय."

मी भंगारातल्या जिप्सीचा मूळ ॲक्सल बसवला, तपासून, आणि आणखी एक डिकीत टाकायला घेतला. टायर तेच आहेत. टायरबद्दल बायकोशी बोलणं व्हायचं आहे. त्या दुकानदाराला मी फोन केला होता. तो म्हणाला, ॲक्सलचं तुम्ही विचारलंच नाही साहेब. दोन दिवस झाले, मी ह्या वाक्याला उत्तर शोधतो आहे.

तुटलेला दांडा घरी आणला. रविवारी आमच्या वस्तीचा तान्हा पोळा होता. वरच्या मजल्यावरचा पाच वर्षांचा पोरगा फेटा बांधून, लाकडी नंदी दोरीनं ओढत आला. चारही चाकं ठणठणीत. "काका, बोजारा." मी वीस रुपये दिले. त्याचं लक्ष कोपऱ्यातल्या दांड्याकडे गेलं.

"हे मला देता का? माझ्या नंदीला लावतो."

"घेऊन जा."

त्यानं दोन्ही हातांनी एक टोक उचललं, नीट बघितलं आणि हळूच खाली ठेवलं.

"नको," तो म्हणाला. "तुटलेलं आहे."