‘पोकळ आहे म्हणून रडारला दिसत नाही’ म्हणे!

आमच्या फॅमिली ग्रुपवर आठवडाभर एक फॉरवर्ड फिरतंय. ‘स्टेल्थ विमान रडारला दिसतच नाही, सगळी कमाल काळ्या रंगाची. इंजिनाचं तोंड पोकळ, त्यामुळे लहर आत जाऊन विरून जाते. बाकी हिशोब कॉम्प्युटर पाच मिनिटांत करतो.’ मी गप्प होतो. पण काल भाचीने हेच शाळेच्या प्रदर्शनाच्या चार्टवर स्केचपेनने उतरवलं आणि फोटो पाठवला, ‘मामा, बरोबर आहे ना?’

नाही गं बाई.

आधी ते पोकळीचं, कारण तिथे गाडी पार उलटी चाललीये. पोकळ आहे, पण भिंती धातूच्या आणि तळाशी इंजिनाचा पंखा. लहर आत शिरते, भिंतींवर आपटत पंख्यापर्यंत जाते, तशीच आपटत माघारी येते आणि शिरली त्याच तोंडातून बाहेर पडते, बरीचशी रडारच्याच दिशेला. स्टीलचा उभा डबा घे, अंधार कर, मोबाईलचा टॉर्च डोळ्याजवळ धरून आत बघ. डबा जरा तिरका केलास तरी आतून चमकतोच. साधं लढाऊ विमान समोरून येतं तेव्हा सगळ्यात जास्त चमकणाऱ्या जागांपैकी ही एक, वर फिरत्या पात्यांमुळे परतलेल्या लहरीत अशी थरथर येते की इंजिन कुठलं याचा अंदाज बांधता येतो. उगाच नाही एफ-११७ या अमेरिकन स्टेल्थ विमानाच्या इनटेकला, म्हणजे हवा आत घेणाऱ्या तोंडाला, बारीक जाळी बसवलेली.

आता ती पाच मिनिटं. किती लहर परतेल हे काढायला कॉम्प्युटर सगळी पोकळी बारीक ठोकळ्यांत तोडून एकेका ठोकळ्याचा हिशोब करतो. १० गिगाहर्ट्झच्या रडारला लहरीची लांबी ३ सेंटिमीटर. ५ मीटर लांब, १ मीटर व्यासाचा डक्ट (तोंडापासून इंजिनापर्यंतचा बोगदा) घेतला आणि एका लहरीमागे १० तुकडे धरले तर ३ मिलिमीटरचे साधारण साडेचौदा कोटी ठोकळे होतात, फ्रीक्वेन्सी दुप्पट केली की त्याच्या आठपट, आणि तेवढ्यानेही भागत नाही कारण लांब डक्टमध्ये फेजची, म्हणजे लहर चढ-उताराच्या कुठल्या टप्प्यावर आहे याची, चूक साठत साठत जाते. एमटेकला असताना असाच एक डक्ट रात्रभर चालवून सकाळी ‘आउट ऑफ मेमरी’ वाचलंय मी, तोही पंखा न घालता. म्हणून तर १९८९ मध्ये लिंग, चौ आणि ली या संशोधकांनी आयईईई या इंजिनिअरांच्या संस्थेच्या जर्नलमध्ये ‘शूटिंग अँड बाउन्सिंग रेज’ ही पद्धत मांडली: किरण आत सोडायचे, प्रत्येकाच्या उड्या मोजायच्या, तोंडाशी बेरीज करायची. काम भराभर होतं, पण पात्यांच्या कडांशी लहर किरणासारखी वागत नाही, तिथे पुन्हा बारीक मेश, म्हणजे तेच ठोकळे, आलंच.

रंगाचं अर्धं खरं आहे, मान्य. शोषणारा लेप असतो, डक्टच्या आतून लावला तर प्रत्येक आपटीला थोडी लहर खातो. पण मोठं काम आकाराचं.

आणि ‘दिसतच नाही’? २७ मार्च १९९९ ला सर्बियात एफ-११७ पाडलं, ते काय अंदाजाने? प्रतिध्वनी १६ पट कमी केला तरी रडारचा पल्ला फक्त निम्मा होतो. तेव्हा चार्टवर ‘उशिरा दिसतं’ लिही, पोकळवाली ओळ अख्खी खोड, आणि प्रदर्शनाला डबा घेऊन जा, टॉर्चसकट.