फुलबाजी म्हणजे काही फटाका नव्हे!

घरात लग्न ठरलंय? मग एक गोष्ट आधीच पक्की करा: आतषबाजीचा कायदा कुणालाही विचारायचा नाही. विचारलं की कळतं आणि कळलं की नवरीच्या एन्ट्रीची रील बोंबलते.

आवाजी फटाक्यांना रात्री दहा ते सकाळी सहा मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2005 सालीच ते ठरवून टाकलंय. पण वरात दहाच्या आत निघते कुठे? मामांचा रुसवा काढेपर्यंत साडेदहा होतात. फुलबाजीला आवाज नाही, म्हणून खूश व्हायला हरकत नाही; फक्त साडूने डिकीत हजाराची माळ ठेवलीय, तिकडे बघू नका. माळांवर 2018 मध्ये बंदी आली. त्याच निकालाने बेरियमचे क्षार बंद केले आणि लग्नालाही फक्त हरित, म्हणजे कमी प्रदूषण करणारे, फटाके चालतील असं सांगितलं. जुन्या पद्धतीच्या फुलबाजीत बेरियम नायट्रेटच असतं. तेव्हा खोक्यावर ‘नीरी’चा, म्हणजे हरित फटाके तपासणाऱ्या सरकारी पर्यावरण संस्थेचा, शिक्का शोधायचा नाही. (नीरी नागपुरात, स्फोटकांचा परवाना देणारी ‘पेसो’ही नागपुरात. वऱ्हाड तिथलंच असेल तर जरा जपून.)

कार्यालयाच्या करारात दुसऱ्या पानावर बारीक अक्षरांत ‘सभागृहात आतषबाजीस सक्त मनाई’ असतं. ते पान सही करण्यापुरतंच उलटा. मग करवल्या दोन रांगांत समोरासमोर उभ्या करा, प्रत्येकीच्या हातात हजार अंशांच्या वर तापणारी फुलबाजी, खांद्यावरून सुळसुळीत ओढणी, डोक्यावर थर्माकोलची कमान आणि प्लास्टिकचा मोगरा. मागचं दार आइस्क्रीमच्या काउंटरने अडवलेलं असलं की फोटोत गर्दी छान भरते. इव्हेंटवाला म्हणेल, “काका, कोल्ड पायरो घ्या, म्हणजे थंड ठिणग्यांचं कारंजं, हात घातला तरी भाजत नाही.” त्यालाच आधी हात घालायला सांगू नका, बरं दिसत नाही.

2023 च्या सप्टेंबरात इराकमधल्या कराकोशला लग्नाच्या हॉलमध्ये अशाच ठिणग्यांनी छत पेटलं आणि शंभराहून जास्त माणसं गेली. पण ते छत ज्वलनशील पॅनेलचं होतं. आपल्याकडे नुसते पडदे आणि झालरी!

पोलीस आलेच, तर आत्याच्या यजमानांना पुढे करा, ते निवृत्त तहसीलदार आहेत. स्फोटक पदार्थ निष्काळजीपणे हाताळल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या 288 व्या कलमात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंड आहेराच्या पाकिटांतून सुटेल. कैदेचं तेवढं नवरदेवाला हनिमूनहून आल्यावर सांगा.